बंद करायची गोळी वेगळीच आहे

वाचकाचं पत्र

"डॉक्टर, नमस्कार. आमच्या मालकांना दिवाळीनंतर हार्ट अटॅक आला. वय ६३, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत. दोन स्टेंट टाकले. हार्ट आता चांगलं आहे असं डॉक्टर सांगतात, पण माणूस पहिल्यासारखा राहिलेला नाही. पहाटे तीनला उठून बसतात, भजनाला जायचं सोडलंय, नातवाशीही धड बोलत नाहीत. 'आता माझं काय काम राहिलंय' असं म्हणतात. हार्टच्या डॉक्टरांनी मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सर्ट्रालिन ५० सुरू केली. महिन्याभरात झोप जरा सुधारली, पण दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि हातावर काळेनिळे डाग दिसायला लागले. पुण्याच्या मुलाने नेटवर वाचलं की या गोळीने प्लेटलेट्स बिघडतात. माझे दीर म्हणतात, उलट या गोळीने अटॅक टळतो, मग रक्त पातळ करायच्या आणखी दोन गोळ्या कशाला? शेजारचे म्हणतात, मनाच्या गोळ्या हार्टला वाईटच. हे सगळं ऐकून मालकांनी चार दिवसांपासून सर्ट्रालिन सोडून दिलीय. बाकी इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची गोळी, मेटोप्रोलॉल आणि पित्ताची गोळी चालू आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणतो, ती रोज एक-दोन लागते. यातली नक्की कुठली बंद करू?"

सातारा जिल्ह्यातील एक वाचक

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं सावकाश वाचा. बंद करायची ती गुडघ्याची डायक्लोफिनॅक, आणि तीही आजपासून. इकोस्प्रिन (म्हणजेच अ‍ॅस्पिरिन) आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांना हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, अगदी एक दिवससुद्धा नाही. सर्ट्रालिन या नैराश्याच्या गोळीसाठी मानसोपचार डॉक्टरांना आजच फोन करा. चार दिवसांचा खंड पडलाय आणि हिरड्यांतून रक्त येतंय, या दोन्ही गोष्टी त्यांना सांगा आणि ते म्हणतील तशी पुन्हा सुरू करा. राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून एकदम दोन-दोन देऊ नका.

दुसरं, या दोन-तीन दिवसांत त्यांचं हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स तपासून घ्या. शौचाला डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या रंगाचं काही दिसलं, लघवी लाल झाली, चक्कर येऊन चेहरा पांढराफटक पडला, अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखू लागलं किंवा पडून डोक्याला मार लागला, तर घरी वाट बघायची नाही. मार किरकोळ वाटला तरी नाही. सरळ रुग्णालय गाठायचं आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्यायची.

आता मुलाने वाचलंय त्याबद्दल. त्याने वाचलेलं खोटं नाही, अर्धं आहे. आपल्याकडे प्लेटलेट्स म्हटलं की लोकांना डेंग्यू आठवतो. दीड लाखाच्या खाली आल्या, पन्नास हजारांवर आल्या, पपईच्या पानांचा रस द्या, अशी धावपळ आठवते. त्यामुळे प्लेटलेट्स बिघडतात म्हटलं की मनात येतं, आकडा खाली जाणार. सर्ट्रालिनच्या जातीच्या गोळ्यांनी सहसा असं होत नाही. आकडा होता तिथेच राहतो. बदलतो तो त्या पेशींचा स्वभाव: चिकटायला त्या थोड्या मंद होतात. म्हणून उद्या रिपोर्टमध्ये दोन-अडीच लाख प्लेटलेट्स दिसल्या तर गोळीचा रक्तावर काहीच परिणाम नाही असंही समजू नका. साध्या तपासणीत प्लेटलेट्स किती आहेत ते मोजतात, त्या किती चपळ आहेत ते मोजत नाहीत. तरीही तपासणी करायची, कारण आकडा खरोखरच कमी असेल तर कारण वेगळं असणार आणि ते शोधावं लागेल. हिमोग्लोबिन उतरलेलं असेल तर कुठून तरी आतून रक्त जात असण्याची शक्यता डॉक्टरांना तपासावी लागेल.

हा स्वभाव का बदलतो, ते समजून घेतलंत तर पुढचा निम्मा गोंधळ आपोआप सुटेल. सेरोटोनिन या रसायनाचं नाव तुम्ही मेंदूच्या संदर्भात ऐकलं असेल. पण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन तयार होतं आतड्यात. तिथून ते रक्तात येतं आणि प्लेटलेट्स ते शोषून घेऊन आपल्या पोटात साठवून ठेवतात. त्यांना स्वतःला ते बनवता येत नाही. मुळात हा पदार्थ सापडला तोच रक्तात. १९४८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हिन पेज यांनी तो रक्ताच्या पाण्यातून वेगळा काढला. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात त्या कशामुळे, हे ते शोधत होते. मेंदूतही तो असतो हे त्यानंतर काही वर्षांनी कळलं. म्हणजे मनाच्या गोळीचा रक्ताशी संबंध कसला, या प्रश्नाचं उत्तर ती गोळी जन्माला येण्याआधीच मिळालेलं होतं.

रक्तवाहिनीला कुठे चीर पडली की जवळच्या प्लेटलेट्स तिथे चिकटतात आणि साठवलेलं सेरोटोनिन बाहेर सोडतात. रात्री गावात चोर शिरला तर पहिला माणूस ओरडतो आणि त्याचा आवाज ऐकून आळीतले बाकीचे धावत येतात, तसं ते सेरोटोनिन इतर प्लेटलेट्सना बोलावून घेतं. हाक देणारं ते एकटंच नाही, आणखीही रसायनं आहेत, पण सेरोटोनिनमुळे ती हाक मोठी होते. सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरोक्सेटिन, एसिटालोप्रॅम या गोळ्या मेंदूतल्या पेशींवर असलेलं सेरोटोनिन आत ओढून घेणारं दार बंद करतात. नेमकं तसंच दार प्लेटलेट्सवरही असतं, तेही बंद होतं. मग काही आठवड्यांत प्लेटलेट्समधला साठा बराचसा रिकामा होतो. जखमेच्या जागी त्या जमतात, पण हाक बारीक झालेली असते.

या एकाच गोष्टीचे दोन अर्थ निघतात, आणि तुमचा मुलगा व तुमचे दीर यांनी त्यातला एकेक उचललाय. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर फुटून त्यावर प्लेटलेट्सची गुठळी बसणं. प्लेटलेट्स मंद झाल्या तर गुठळी कमी धरेल, हा दिरांचा अर्थ. हिरडी, जठर, मेंदू इथे रक्त यायला लागलं तर ते थांबायला वेळ लागेल, हा मुलाचा. दोन्ही तर्क बरोबर आहेत. पण तर्क बरोबर असला म्हणजे माणसांच्या बाबतीत तसंच घडतं असं नाही. ते मोजून बघावं लागतं, आणि गेली पंचवीसेक वर्षं ते मोजणं चालू आहे.

दिरांच्या बाजूने सुरुवात करते. २००१ साली फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या संशोधकांनी पहिला हार्ट अटॅक आलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या लोकांची तुलना अटॅक न आलेल्या सिगारेट ओढणाऱ्यांशी केली. या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये अटॅकचं प्रमाण बरंच कमी दिसलं. २००३ साली त्यांनीच आणखी लोक घेऊन पाहिलं. ज्या गोळ्या सेरोटोनिनचं दार घट्ट लावतात, त्या घेणाऱ्यांत फायदा दिसला, म्हणजे प्लेटलेट्सच्या तर्काला दुजोरा मिळाला. पण अशा अभ्यासात एक अडचण असते. नियमित डॉक्टरकडे जाणारा, गोळ्या वेळेवर घेणारा माणूस आणि आजार अंगावर काढणारा माणूस यांच्यात गोळीखेरीज इतरही शंभर फरक असतात. २००९ साली अमेरिकेतल्या पाळी गेलेल्या स्त्रियांच्या एका फार मोठ्या पाहणीत हार्ट अटॅकवर फरक दिसला नाही. उलट या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये पक्षाघात, त्यातही मेंदूत रक्तस्राव होऊन येणारा पक्षाघात, थोडा जास्त आढळला. एकूण धोका लहानच होता, तरी तो होता.

म्हणून मी जास्त विश्वास ठेवते तो चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी दिलेल्या अभ्यासांवर. असे दोन अभ्यास तुमच्या घरच्या परिस्थितीला अगदी जवळचे आहेत. २००२ सालच्या अभ्यासात नुकताच हार्ट अटॅक आलेल्या किंवा अटॅकच्या उंबरठ्यावरून परतलेल्या, आणि सोबत नैराश्य असलेल्या ३६९ रुग्णांना चोवीस आठवडे सर्ट्रालिन किंवा खोटी गोळी दिली. हृदयाच्या ताकदीवर, ठोक्यांच्या लयीवर सर्ट्रालिनचा वाईट परिणाम दिसला नाही. गंभीर घटना सर्ट्रालिनच्या गटात १४.५ टक्के आणि खोट्या गोळीच्या गटात २२.४ टक्के झाल्या. ऐकायला छान वाटतं, पण रुग्ण इतके थोडे होते की हा फरक योगायोगानेही पडू शकला असता, आणि संशोधकांनी तसं स्पष्ट लिहिलंही. दुसरा अभ्यास दक्षिण कोरियातला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. तिथे ३०० रुग्णांना चोवीस आठवडे एसिटालोप्रॅम किंवा खोटी गोळी दिली आणि नंतर आठेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पुन्हा हार्ट अटॅक एसिटालोप्रॅमच्या गटात ८.७ टक्क्यांना आला, खोट्या गोळीच्या गटात १५.२ टक्क्यांना. हा फरक योगायोगाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पण रुग्णालय एकच, रुग्ण तीनशेच. शिवाय फायदा प्लेटलेट्समुळे झाला की मन सावरल्यामुळे माणूस चालायला लागला, औषधं घ्यायला लागला म्हणून झाला, हे त्यातून सांगता येत नाही. मला स्वतःला दुसरी गोष्ट मोठी वाटते.

ज्यांचं हृदय थकून पंपिंगच कमी झालेलं असतं, अशा रुग्णांवर याच दोन गोळ्यांचे वेगळे अभ्यास झाले. तिथे आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. त्यामुळे तुमच्या यजमानांचा इको काढला असेल तर त्यातला पंपिंगचा आकडा एकदा विचारून ठेवा.

तेव्हा दिरांना माझ्या वतीने सांगा: सर्ट्रालिन अटॅक टाळण्यासाठी घ्यायची नसते. ती नैराश्यासाठी आहे. अटॅकनंतर ती हृदयाला सुरक्षित आहे याची खात्री बऱ्यापैकी आहे, हृदयाला थोडा फायदाही होत असेल. पण इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेलचं काम ती करू शकत नाही. हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. स्टेंट ही धातूची जाळी. तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर नीट चढेपर्यंत तिथे गुठळी धरायची भीती असते, म्हणून अटॅकनंतर या दोन गोळ्या एकत्र साधारण वर्षभर देतात. कुणाला कमी, कुणाला जास्त, ते डॉक्टर ठरवतात. मध्येच बंद केल्या तर स्टेंट अचानक बंद होऊ शकतो आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा भयंकर असतो. तुमच्या यजमानांचं वर्ष अजून व्हायचंय. दात काढायचा असला, डोळ्याचं ऑपरेशन असलं, कुणीही 'आठ दिवस रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा' म्हणालं, तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

आता मुलाची बाजू. रक्तस्राव वाढतो हे खरंच आहे आणि ते मोजलेलंही आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात अटॅक येऊन गेलेल्या सत्तावीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. नुसती अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांच्या तुलनेत अ‍ॅस्पिरिनसोबत या जातीची गोळी घेणाऱ्यांमध्ये रक्तस्राव ४२ टक्क्यांनी जास्त होता. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेणाऱ्यांच्या तुलनेत, त्या दोन्हींसोबत ही गोळी घेणाऱ्यांमध्ये ५७ टक्क्यांनी जास्त. तुमचं घर या दुसऱ्या गटात मोडतं. हा आकडा वाचून हात गळून जाऊ नका. ५७ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या सत्तावन्न जणांना रक्तस्राव होतो असं नाही. समजा गोळीशिवाय शंभरात दोघांना झाला असता, तर गोळीसोबत तिघांना होईल, असा त्याचा अर्थ. हा धोका दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण औषध टाकून देण्यासारखाही नाही. तो कमी करता येतो. तुमच्याकडे पित्ताची म्हणून जी गोळी चालू आहे, ती बहुतेक त्याचसाठी दिलेली असणार. पित्त झालंय म्हणून नव्हे, जठराचं अस्तर वाचावं म्हणून. 'आता पित्त नाही' म्हणून ती बंद करू नका. पाकिटावरचं नाव मात्र बघा. पॅन्टोप्राझोल असेल तर ठीक. ओमेप्राझोल असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण क्लोपिडोग्रेल शरीरात कामाला लागायला यकृतातल्या ज्या यंत्रणेची गरज असते तिलाच ओमेप्राझोल अडवतं.

आणि मग डायक्लोफिनॅक. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख अगदी शेवटी, जाता जाता केलाय. तपासायला आलेले लोकही बहुतेकदा असंच करतात. डॉक्टर विचारतात, 'काय काय गोळ्या चालू आहेत?' आणि उत्तरात चिठ्ठीवरच्या सगळ्या गोळ्या येतात, मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी येत नाही. ती गोळी वाटतच नाही कुणाला. पण तुमच्या यादीत सगळ्यांत धोकादायक तीच आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, या सगळ्या एकाच घरातल्या. त्या जठराचं संरक्षक अस्तर पातळ करतात. वरून सर्ट्रालिनने प्लेटलेट्स मंद केलेल्या, त्यावर आणखी दोन गोळ्यांनी मंद केलेल्या. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून १९९९ साली दाखवून दिलं होतं की सर्ट्रालिनच्या जातीच्या गोळ्या एकट्या घेतल्या तर जठरातून रक्तस्रावाचा धोका साधारण तिप्पट होतो. पण दुखण्याच्या या गोळ्यांसोबत घेतल्या की दोन्हींच्या बेरजेपेक्षाही कितीतरी पुढे जातो. तुमच्या यजमानांच्या जठरावर अशा चार गोळ्या एकाच वेळी आहेत.

एवढ्यावर संपत नाही. अटॅक येऊन गेलेल्या माणसात डायक्लोफिनॅकने पुन्हा अटॅक यायचा धोका वाढतो. म्हणजे शेजाऱ्यांना ज्या गोळीची भीती वाटते ती हृदयाला सुरक्षित, आणि जी बिनधास्त काउंटरवरून मिळते ती हृदय आणि जठर दोन्हींना वाईट. मला याचा खरोखर राग येतो, कारण ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते, तरी शेंगदाण्यासारखी विकली जाते. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. यकृताचा त्रास नसेल तर ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन-तीनदा सहसा निभावते, तरी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि सर्दी-तापाच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे ध्यानात ठेवा. फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. मांडी भक्कम झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. गुडघ्याला लावायचं मलम हवं असेल तर तेही विचारून.

हिरड्यांबद्दल. रक्त येण्यात मोठा वाटा इकोस्प्रिन-क्लोपिडोग्रेलच्या जोडीचा असणार, सर्ट्रालिनने त्यात भर घातली असेल. पण निरोगी हिरडीतून सहसा असं रोज रक्त येत नाही. हिरडी आधीच सुजलेली असते, गोळ्यांनी ते उघडं पडतं. त्यांना तंबाखू, मिश्री लावायची सवय होती का? असेल तर ती आता पूर्ण सुटलीय का, हे शांतपणे विचारा. दंतवैद्याकडे नेऊन दात साफ करून घ्या, मऊ ब्रश आणा. हातावरचे लहान डाग, कुठे आपटल्याचं आठवत नसलं तरी, या जोडगोळीवर असलेल्या खूप लोकांना दिसतात. डाग वाढत गेले, पोटावर-पाठीवर दिसले, नाकातून येणारं रक्त दहा-पंधरा मिनिटं दाबूनही थांबलं नाही, तर मात्र लगेच दाखवा.

शेजाऱ्यांची भीतीही अगदी हवेतून आलेली नाही. जुन्या पिढीतल्या मनाच्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, आणि अटॅकनंतर त्या शक्यतो टाळतात. तुमच्या-माझ्या लहानपणी मनाच्या गोळ्या म्हणजे त्याच होत्या. फ्लुऑक्सेटिन अमेरिकेत मंजूर झालं १९८७ च्या अखेरीस. जुनी भीती लोकांच्या मनात राहिली आणि नव्या गोळ्यांवर बसली. पण अ‍ॅमिट्रिप्टिलिन आजही झोपेसाठी, नसांच्या दुखण्यासाठी, अर्धशिशीसाठी कमी प्रमाणात दिली जाते. घरात कुणाची उरलेली पट्टी असेल तर 'यानेही झोप लागते' म्हणून यजमानांना देऊ नका.

तुमच्या डॉक्टरांनी सर्ट्रालिनच का निवडली, तेही सांगते, म्हणजे उगाच गोळी बदलून मागणार नाही. पॅरोक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन, ठोके मंद ठेवणाऱ्या मेटोप्रोलॉलचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, मग ठोके फार मंद पडून चक्कर येऊ शकते. फ्लुऑक्सेटिन क्लोपिडोग्रेलच्याही आड येऊ शकतं. सिटालोप्रॅम जास्त प्रमाणात घेतल्यास हृदयाच्या विद्युतलहरींवर परिणाम होतो म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली तिच्यावर मर्यादा घातली. साठी ओलांडलेल्यांना तर वीस मिलिग्रॅमच्या पुढे नाही. सर्ट्रालिन या सगळ्यांत त्यातल्या त्यात सरळ वागते, आणि अटॅकनंतरच्या रुग्णांवर तपासून झालेली आहे. रक्तस्राव खरोखरच त्रासदायक झाला तर मिर्टाझापिनसारखी, सेरोटोनिनच्या त्या दाराला फारसा हात न लावणारी गोळी हा पर्याय असतो. पण ते मानसोपचार आणि हृदय, दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. साठीनंतर सर्ट्रालिनने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच. म्हणून हिमोग्लोबिनसोबत सोडियमही तपासून घ्या. माणूस गळून गेलाय, बोलण्यात गोंधळ होतोय असं दिसलं तर ते नैराश्यच असेल असं धरून चालू नका.

गोळी एकदम सोडल्यावर काहींना चक्कर, मळमळ, चिडचिड, अंगात विजेचा झटका बसल्यासारखं, झोप उडणं असं होतं. चार-पाच दिवसांत हे सुरू झालं की घरचे घाबरतात, पुन्हा अटॅक आला की काय म्हणून. छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर ते अटॅकच समजून धावायचं, त्यात तर्क लढवायचा नाही. पण नुसती चक्कर आणि बेचैनी असेल तर सर्ट्रालिन अचानक सुटल्याची शक्यता डॉक्टरांना सांगा. पुढेमागे ही गोळी बंद करायची वेळ येईल तेव्हाही ती हळूहळू उतरवत न्यायची असते. आणि एक गोष्ट तुमच्या पत्रातच आहे, कदाचित घाबरल्यामुळे तुमचं तिच्याकडे लक्ष गेलं नसेल. महिन्याभरात त्यांची झोप सुधारली होती. या गोळ्यांचा पूर्ण गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात. ज्या वेळी औषध लागू पडायला लागलं होतं, नेमकं त्याच वेळी ते सुटलं.

ते पुन्हा सुरू व्हावं असं मला इतकं का वाटतं? अटॅकनंतरचं नैराश्य म्हणजे 'मनाला लागलंय, होईल कमी' असलं काही नसतं. १९९३ साली माँट्रियलमधल्या अभ्यासात अटॅकनंतर रुग्णालयात असतानाच नैराश्य असलेल्या रुग्णांचा पुढच्या सहा महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका, हृदयाची बाकीची तब्येत जमेस धरूनही, साधारण चौपट निघाला होता. २००४ साली आपल्या देशासह ५२ देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या अटॅकच्या मुख्य कारणांमध्ये मानसिक ताण आणि नैराश्य हे तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांच्या रांगेत आले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली नैराश्याला अटॅकनंतरचा धोका वाढवणारा घटक म्हणायची शिफारस केली. खिन्न माणूस चालत नाही, जेवत नाही, गोळ्या चुकवतो. त्याच्या शरीरात ताणाची संप्रेरकं चढलेली राहतात. आणि हेही बघा, नैराश्यात प्लेटलेट्स नेहमीपेक्षा जास्त उतावीळ, चिकट होतात असं अटलांटातल्या संशोधकांना १९९६ साली आढळलं. म्हणजे प्लेटलेट्सचीच काळजी असेल, तर उपचार न केलेलं नैराश्यही त्यांना बिघडवतं.

म्हणून हिरडीतल्या रक्तापेक्षा मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्याची जास्त काळजी वाटते. 'आता माझं काय काम राहिलंय.' आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडलेल्या, शेकडो माणसांना मार्गी लावलेल्या माणसाला निवृत्ती आणि आजार एकापाठोपाठ आले की हे वाटू शकतं. पण या वाक्याच्या मागे जीव नकोसा झालाय का, हे कुणीतरी विचारायला हवं, आणि ते तुम्हीच विचारू शकता. दोघंच असताना, सरळ विचारा: 'जगूच नये असं वाटतं का हो तुम्हाला? स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?' असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. असलेला बाहेर येतो आणि माणसाला जरा मोकळं वाटतं. 'हो' म्हणाले तर रागवू नका, देवाची शपथ घालू नका. त्यांना एकटं सोडू नका, सगळ्या गोळ्या आणि शेतीची औषधं घरात असतील तर ती कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी मानसोपचार डॉक्टरांकडे न्या. डॉक्टर लागले नाहीत तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटलं तरी त्याच क्रमांकावर बोला. गेले काही महिने सगळं तुमच्यावर आहे, ते पत्रात न लिहिताही दिसतंय.

'नाही, तसं काही नाही' म्हणाले, तर त्यांना संध्याकाळी वेशीपर्यंत चालायला घेऊन जा. किती चालायचं ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. भजनाला जबरदस्ती नको, पण भजनी मंडळातल्या एखाद्या जवळच्या माणसाला घरी बोलवायला काय हरकत आहे? गोळीसोबत समुपदेशनाचाही उपयोग होतो, त्याबद्दल मानसोपचार डॉक्टरांना विचारा.

एक काम मुलाला सांगा. तो नेटवर वाचतो, तर त्याच्याकडून एक कागद करून घ्या. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी, कुणी दिली, कधीपासून. त्यात मेडिकलमधून आणलेलं, वैद्यांकडून आणलेली चूर्णं, सगळं. त्याच्या दोन प्रती काढा. एक हृदयाच्या डॉक्टरांच्या फाइलला, एक मानसोपचार डॉक्टरांच्या. दोघांना एकमेकांचे फोन नंबर द्या आणि स्पष्ट सांगा की तुम्ही दोघं एकदा बोला. दंतवैद्याकडे जाताना आणि मेडिकलमध्ये जातानाही तोच कागद न्यायचा. रक्ताचे रिपोर्ट आले की आकडे मला कळवा, विशेषतः हिमोग्लोबिन आणि सोडियम. आणि डॉक्टरांनी सर्ट्रालिन किती प्रमाणात पुन्हा सुरू केली, तेही लिहा.